पाळण्यातले पाय आणि वळूची पारख

मागच्या व्याख्यानात आपण न्यायशास्त्रातलं अनुमान पाहिलं. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, वगैरे. व्याख्यान संपल्यावर जिन्यात एका गृहस्थांनी आम्हाला गाठलं आणि म्हणाले, "सर, इतकी शतकं तोच धूर नि तोच डोंगर. एखादं नवं उदाहरण नाही का तुमच्याकडे?" आहे. ते आज घेऊन आलो आहोत. उदाहरण आहे खोंडाचं.

खोंड म्हणजे वयात येणारा, अजून न बडवलेला नर. बडवला की तो बैल होतो, नांगराला आणि गाडीला जातो. न बडवता पैदाशीसाठी राखला तर वळू. आता दीड वर्षाचा खोंड आपल्यासमोर उभा आहे असं समजा. त्याला वळू म्हणून राखायचा की नाही? गाय आयुष्यात आठ-दहा वासरं देईल. वळू गावातल्या पन्नास-शंभर गायींना लागतो, आणि त्याचं वीर्य गोठवून कांड्यांत भरलं तर हजारो गायींपर्यंत पोचतो. म्हणजे निवड चुकली तर चूकही हजारोंनी. आणि हा निर्णय घ्यायचा कधी? तर त्याचं एकही वासरू जन्माला आलेलं नसताना. पुरावा यायच्या आधी विश्वास किती ठेवायचा, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. इथे तो चार पायांवर उभा आहे, इतकंच.

दादरमध्ये बसून ही चर्चा कशाला, असं कुणाच्या मनात येईल. तर परळला जाऊन या. १८८६ साली सुरू झालेलं मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय तिथेच आहे, बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाच्या जनावरांच्या दवाखान्याला लागून. आमची बस कितीतरी वर्षं त्या फाटकावरून जायची आणि आम्ही कधी आत डोकावलो नव्हतो. पुढे तिथे शिकलेले एक स्नेही भेटले, त्यांनी आमचं अज्ञान बरंच कमी केलं. आणि दुसरं असं की लालबाग-परळच्या गिरण्यांमधून सातारा-सांगलीकडे ज्या मनीऑर्डरी जायच्या, त्यांतल्या कितीतरी बैलजोडीसाठी असायच्या. आमच्या ओळखीचे एक साचेवाले काका बोनसच्या आधी महिनाभर खिलार खोंडाबद्दलच बोलत. तेव्हा हा विषय गिरणगावाला परका नाही.

आपल्या भाषेनं या प्रश्नाची तीन उत्तरं आधीच देऊन ठेवली आहेत, बरं का. पहिलं, खाण तशी माती. दुसरं, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. तिसरं, शितावरून भाताची परीक्षा. तिन्ही म्हणी आपण एकाच श्वासात मान्य करतो. पण वळू निवडणाऱ्या शास्त्राच्या दृष्टीनं या तीन वेगळ्या पद्धती आहेत आणि तिघींवर सारखा भरवसा ठेवता येत नाही.

खाण तशी माती, म्हणजे वंशावळ. आई कशी होती, बाप कसा होता. यात तथ्य आहे, पण त्याला एक मर्यादा आहे आणि ती अभ्यास वाढवून ओलांडता येत नाही. बाप आपल्या बीजातलं अर्धं देतो, आई अर्धं देते. पण कुठलं अर्धं, ते दर वेळी नव्यानं वाटलं जातं. गिरगावच्या चाळीत एकाच आईबापाचे दोन मुलगे आपण पाहिलेत. एक बँकेत मॅनेजर, दुसरा नाक्यावर. (हशा) वंशावळ सांगते ती दोघांची मिळून सरासरी. या दोघांतला कोण आपल्यासमोर उभा आहे, ते ती सांगत नाही. उत्तम आईबापांचा खोंड म्हणजे उत्तम खोंड असण्याची बरी शक्यता. त्यापलीकडे काही नाही.

आता पाळण्यातले पाय. खोंडाला समोर उभं करून पाहायचं. ही परंपरा आपल्याकडे फार जुनी. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गाई-बैलांच्या लक्षणांवर वेगळा अध्याय आहे. धर्मशास्त्रात वृषोत्सर्ग सांगितला आहे: मृताच्या नावानं वळू मोकळा सोडायचा, त्याच्या अंगावर त्रिशूळ आणि चक्र डागायचं. त्यातला श्रेष्ठ तो नीलवृष. अंग तांबूस, तोंड आणि शेपूट पांढुरकं, खूर आणि शिंगं पांढरी. नावात नील आणि रंग तांबडा, आता हे कसं ते आम्हाला विचारू नका. आमच्या लहानपणी भुलेश्वरच्या गल्लीत असा एक पोळ भाजीच्या पाट्यांत तोंड घालायचा आणि बायका त्यालाच नमस्कार करायच्या. पण यामागे व्यवहारही होता. गावाला फुकट वळू मिळत होता, आणि तो लक्षणं पाहून निवडलेला असे.

बाजारातला पारखी आजही लक्षणंच पाहतो. दात पाहतो, आदत आहे की दोन दाती. वशिंड, पोळी, खुरांची ठेवण, पाठीची रेषा, शिंगांचा बाक, अंगावरचे भोवरे. यातलं काही अगदी खरं आहे. खूर वाकडा असेल तर जनावर चालणार नाही, आणि पाय वाईट असलेला वळू गायीवर चढणारच नाही. काही मात्र नुसती आवड आहे. आणि भोवरा, तो तर शुद्ध पत्रिका. अडचण अशी की पारख्याच्या डोळ्यात ही तिन्ही एकत्र नांदतात आणि तो त्यांचा मिळून एकच भाव सांगतो.

बरं, डोळ्याऐवजी काटा आणू. मांसासाठी गुरं पाळणाऱ्या देशांत, म्हणजे अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, ब्राझील, तिथे खोंड वजन करूनच निवडतात. वर्षाच्या वयाला जास्त वजन तो पुढे. इथे आपला नैयायिक हात वर करतो. 'जिथे धूर तिथे अग्नी' हे बरोबर. पण 'जिथे अग्नी तिथे धूर' हे चूक, कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला ओलं सरपण लागतं. ही जी आत लपलेली अट, तिला न्यायात उपाधी म्हणतात. मग 'जिथे वजन तिथे चांगलं बीज' या विधानातली उपाधी कोणती? खुराक. ज्याच्या मालकानं सरकी पेंड आणि मका सढळ हातानं घातला तो खोंड जड. ज्याच्या आईला दूध जास्त तो जड. जो दोन महिने आधी जन्मला तोही जड. म्हणून नियम असा की तुलना फक्त समवयस्कांत करायची. एकाच हंगामात जन्मलेले, एकाच चाऱ्यावर, एकाच गोठ्यात वाढलेले. एकटा खोंड किती किलोचा हे वाक्य अर्धवट आहे. 'कुणांमध्ये?' हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

आणि तुलना नीट केली तरी हिशेब संपत नाही. आता थोडं गणित, घाबरू नका. वीस समवयस्क खोंड आहेत, वर्षाच्या वयाला सरासरी २०० किलो. एकजण २४० किलोचा निघाला. ४० किलो पुढे. लोक म्हणणार, याची वासरंही ४० किलोनं पुढे असणार. नाही. वजनातल्या फरकापैकी जो भाग बीजातून येतो त्याला आनुवंशिकता म्हणतात. वर्षाच्या वजनासाठी ती साधारण ०.४ धरतात. ४० चे ०.४ म्हणजे १६ किलो. आणि वासराला बापाकडून अर्धाच वाटा मिळतो, म्हणून ८ किलो. बाजारात आपण ४० पाहतो आणि गोठ्यात ८ येतात. उरलेले ३२ कुठे गेले? ते त्या खोंडाचे स्वतःचे होते. त्याचं दूध, त्याचं नशीब, त्याचं बरं गेलेलं वर्ष. ते त्याच्याबरोबर राहतात. पण ८ किलो म्हणजे थोडे असं समजू नका. हजार वासरांत ते आठ टन होतात.

राहिली तिसरी म्हण, शितावरून भाताची परीक्षा. वळूची खरी परीक्षा त्याच्या वासरांत. खोंडाची काही गायींवर चाचणी घ्यायची, वासरं मोजायची, मग ठरवायचं. पण किती शितं दाबायची? समजा एखाद्या गुणाची आनुवंशिकता ०.२५ आहे आणि भरवसा आपण शून्य ते एक या पट्टीवर मोजतोय. खोंडाच्या स्वतःच्या एका नोंदीचा भरवसा ०.५. पाच वासरं पाहिली तरीही ०.५ च. म्हणजे 'याची पाच वासरं बघा कशी झालीत' असं सांगणारा मालक खोंडाला एकदा तोलण्यापेक्षा जास्त पुरावा देत नाही! दहा वासरांनी ०.६३ होतं, साठ वासरांनी ०.८९. एक कधीच होत नाही. आणि ही वासरंही आलेल्या गायींतून निवडून दाखवलेली नकोत, सगळी हवीत. चांगली दोन समोर उभी करायची आणि मेलेली तीन सांगायची नाहीत, हा खेळ नवा नाही.

शिवाय वेळ जातो. मांसाच्या जातीत खोंड सव्वा वर्षाचा असताना लागला, नऊ महिन्यांनी वासरू, ते वर्षाचं झालं की तोलायचं. तोवर वळू तीन वर्षांचा. हे परवडतं. दुधाचं मात्र पाहा. त्याच्या मुली वाढायच्या, विणार, मग दूध मोजणार. वळू सात-आठ वर्षांचा होतो आणि निकाल लागतो तेव्हा कधीकधी वळूच शिल्लक नसतो, नुसत्या कांड्या उरतात. म्हणून हल्ली चौथा मार्ग आला आहे: वासराच्या रक्ताचा किंवा केसांचा नमुना घेऊन जनुकांची हजारो ठिकाणं तपासायची आणि ज्यांच्या नोंदी आधीच आहेत अशा मोठ्या कळपाशी ताडून पाहायची. अमेरिकेत होल्स्टीन गाईंसाठी २००९ पासून हे अधिकृतपणे चालू आहे. आपल्या देशी गाईंसाठी अशी चिप ५ ऑक्टोबर २०२४ ला आपल्या वाशीममध्येच जाहीर झाली. आम्ही गमतीनं तिला पत्रिका म्हणतो, पण भोवऱ्याच्या पत्रिकेत आणि हिच्यात फरक आहे. हिच्यामागे वही असते. ज्या जातीची वहीच कुणी लिहिली नाही, तिथे चिपही मुकीच राहते.

आता ही सगळी साधनं असताना माणसं फसतात कशी, ते सांगतो. हा आजच्या विषयाचा आमच्या मते सगळ्यात शिकवणारा भाग आहे.

१९४० च्या दशकात अमेरिकेतल्या प्रदर्शनांत हेरफर्ड आणि अँगस जातींचे आखूड पायांचे, ठेंगणे, गोलमटोल खोंड बक्षिसं घ्यायला लागले. परीक्षकांना ते सुबक वाटत. बक्षीस मिळालं की भाव चढे, भाव चढला की त्याचीच संतती पसरे. मग काही वर्षांत गोठ्यागोठ्यांत विचित्र वासरं जन्मू लागली. कपाळ पुढे आलेलं, पोट फुगलेलं, श्वास घेताना घरघर करणारी. बुटकी वासरं, बहुतेक जगत नसत. कारण होतं एक लपलेलं जनुक. आईबाप दोघांकडून आलं तर बुटकेपण, आणि असे दोन वाहक एकत्र आले तर चारांत एक वासरू तसं. पण एकाच बाजूनं आलं तर? अभ्यासकांना आढळलं की असे वाहक खोंड थोडे अधिक आखूड, अधिक भरीव दिसतात. लक्षात आलं का? परीक्षक ज्याला सौंदर्य म्हणून बक्षीस देत होते, तो रोगाचा अर्धा चेहरा होता. आणि ज्यांच्या गोठ्यात अशी वासरं झाली ते बोलेनात, कारण बोललं की सगळ्या वंशावळीचा भाव पडणार. पुढे १९५० च्या दशकात कळपच्या कळप नुसत्या संशयावरून बाद करावे लागले.

शितावरची परीक्षासुद्धा आपण विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते. १९६२ साली जन्मलेला 'चीफ' नावाचा होल्स्टीन वळू दुधाच्या कसोटीवर शंभर नंबरी होता. सोळा हजार मुली, पाच लाख नाती. कित्येक दशकांनी कळलं की त्याच्यात गर्भ मारणारं एक लपलेलं जनुक होतं, आणि त्यामुळे जगभरात अंदाजे पाच लाख गर्भ गेले. दूध मोजलं होतं, आणि दुधाबाबत तो खराच होता.

प्रदर्शनं आणि जाहिरात यांना आम्ही नावं ठेवतोय असं नाही. वळूची ख्याती पसरल्याशिवाय त्याचं बीज पसरणार कसं? अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट बेकवेल आपले मेंढे आणि वळू विकत नसे, हंगामापुरते भाड्यानं देई. त्यात पैसा होताच. पण दुसऱ्यांच्या रानात त्यांची संतती कशी होते ते त्याला फुकट पाहायला मिळे. जाहिरातीतूनच परीक्षा, असा हा हुशार माणूस. उलट १८०१ पासून सहाएक वर्षं 'डरहॅम ऑक्स' नावाचा अजस्र बैल खास गाडीत घालून इंग्लंडभर फिरवला गेला. लोक पैसे देऊन पाहायला येत. शॉर्टहॉर्न जातीचं नाव त्यानं घरोघरी नेलं. १८१० साली त्याच जातीचा 'कॉमेट' वळू हजार गिनींना विकला गेला. आणि तो डरहॅम ऑक्स? तो खच्ची केलेला होता. जातीची सगळ्यात मोठी जाहिरात अशा जनावरानं केली ज्याला स्वतःला एक वासरू होणं शक्य नव्हतं!

आपल्याकडे पुसेगाव, खरसुंडी, पंढरपूर, सांगोला, इथल्या यात्रा-बाजारांत रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचे. आता त्यात फ्लेक्स आणि मोबाइलवरची चित्रफीत आली आहे. 'इतक्या लाखांची मागणी आली, मालकानं नाकारली.' मंडळी, नाकारलेली मागणी हा भावसुद्धा नाही, मग पुरावा कुठला? त्यात शर्यती. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ ला बैलांच्या शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्राला परवानगी दिली, १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा टिकवला. शर्यती परतल्या तशी खिलार खोंडांना मागणीही परतली. यात्रेत पहिला आलेला खोंड वळू म्हणून धावत्या पायांनीच मिरवला जातो. पण जिंकलं कोण? खोंड, त्याचा जोडीदार, गाडीवान, खुराक, की त्या दिवशीची माती? उपाध्याच उपाध्या. तरी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. शर्यतीमुळे कुणीतरी खिलार राखतोय. तो नसता तर आज पारख करायला खोंड तरी कुठला?

आणि इथे आम्ही ज्या प्रश्नाला इतका वेळ टाळत होतो तो येतोच. चांगला खोंड म्हणजे कशासाठी चांगला? कृष्णाकाठची एक जात आहे, तिचं नावच कृष्णा खोरे. काळ्या चिकण मातीत जड नांगर ओढायला तयार केलेली धिप्पाड जनावरं. त्यांचं रक्त अमेरिकेत गेलं. तिथे गीर, कांकरेज, ओंगोल यांच्याबरोबर त्यातून मांसासाठीची ब्राह्मण जात घडवली गेली. तिकडे तिचे खोंड दर वर्षी तोलले जातात. इकडे नांगर ट्रॅक्टरनं ओढला आणि मूळ जात अगदी थोडी उरली. जनावर तेच, पण कसोटी एकीकडे बदलली आणि एकीकडे नाहीशी झाली.

निवड म्हणजे एकाला घेणं, असं आपण म्हणतो. दहांतून एक घेणं म्हणजे नऊ नाकारणं, त्या नवांचं काय? मांसाच्या देशात त्याचं उत्तर सरळ आहे, ते खच्ची होऊन खाटकाकडे जातात. आपल्याकडेही जुनं उत्तर होतं आणि ते सन्मानाचं होतं. ते बैल व्हायचे. १९३३ साली मुंबई इलाख्यात पशुधन सुधारणेचा कायदा झाला. परवान्याशिवाय वळू राखू नये, नापसंत नर बडवावा, असा त्याचा गाभा. तो कायदा करता आला, कारण बडवलेल्या नराला काम होतं. बेंदराला त्याची शिंगं रंगवली जायची. आज ते काम राहिलेलं नाही. आणि मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. या बंदीच्या बाजूनं आणि विरुद्ध श्रद्धेचे, पोटाचे, हक्कांचे युक्तिवाद आहेत. ते आज आमच्यापुढे नाहीत. आज एवढंच की ते नऊ खोंड कुणाच्या तरी दावणीला आहेत आणि चारा खाताहेत, किंवा रात्री कुणीतरी सोडून दिल्यामुळे रस्त्यावर आहेत. ज्याच्याकडे दोन एकर जिरायत आहे त्याला चांगला वळू वापरा, नोंदी ठेवा, नापसंत नर बाजूला काढा असं सांगायला आम्ही जातो तेव्हा 'बाजूला म्हणजे कुठे?' असं तो विचारतो. कालवडीच जास्त व्हाव्यात म्हणून लिंगनिर्धारित वीर्याच्या कांड्या आल्या आहेत, त्यांतून नव्वद टक्क्यांच्या आसपास माद्या होतात. हे एक उत्तर आहे. पण ते नर जन्मालाच न घालण्याचं उत्तर आहे. जन्मलेल्याचं नाही.

एक चिठ्ठी आली आहे. लालबागहून आलेले एक श्रोते लिहितात: "गाव आटपाडीकडे. भाऊ यंदा खोंड घेणार आहे. तत्त्वज्ञान राहू द्या, काय बघू ते सांगा."

सांगतो. भावाला म्हणावं, खोंड एकटा पाहू नका, त्याच गोठ्यातले त्याच्या वयाचे दुसरे पाहा. आई पाहा, आणि त्याच बापाची इतर वासरं पाहा, मालक दाखवेल ती नव्हे, तर शेजारच्या गावात आहेत ती. फार चरबी चढलेला नको. अशा खोंडाचे पाय आणि बीज दोन्ही बिघडतात. पशुवैद्याकडून वीर्य तपासून घ्या, आणि सांसर्गिक गर्भपात व क्षय यांची चाचणी करूनच त्याला गाईंत सोडा. अंडकोषाचा घेर मोजून घ्या. तो चांगला असेल तर त्याच्या मुलीही लवकर माजावर येण्याचा संभव असतो, हे आमच्या परळच्या स्नेह्यांनी सांगितलं तेव्हा आम्ही थक्क झालो होतो. भोवरा पाहायचाच असेल तर पाहा, घरातल्या म्हाताऱ्यांचं समाधान होतं.

आणि एक शंभर पानी वही घ्या. खोंड ज्या गाईला लागला तिची तारीख, वासराची तारीख, मेलं असेल तर तेही. काटा नसेल तर शिंप्याचा टेप चालेल. छातीचा घेर इंचांत मोजा, त्याला पुन्हा घेरानं गुणा, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीनं गुणा, आणि ६६० नं भागा. वजन किलोत येतं, अंदाजे. घेर ६० इंच आणि लांबी ५० असेल तर २७३ च्या आसपास. दहा वासरं वर्षाची झाली की वही घेऊन इकडे या, आपण मिळून बसू.